मागचा हॉल : हजर शून्य

१

सोमवारी सकाळी पावणेदहाला मागच्या हॉलचं कुलूप उघडलं, तेव्हा अमृता रोकडे हिच्या एका हातात मोजपट्टी होती आणि दुसऱ्या हातात खुर्च्यांची यादी. हॉल मोजायचा, खुर्च्या मोजायच्या आणि दुपारी जागामालकाला परत करून पुण्याची गाडी पकडायची, एवढंच तिचं काम होतं.

कुलूप उघडायला वॉचमन हौशीराम केदारीला वेळ लागला. लोणावळ्यात दहा दिवस ऊन नव्हतं. जिन्यात बुरशीचा वास होता, भिंतींना पाझर होता, आणि तीन-चार दिवसांत कुलपाचं भोक गंजून गेलं होतं.

"ह्या गावात मानूस बी गंजंल, मॅडम," किल्ली फिरवत हौशीराम म्हणाला. "गुरवारी सांच्याला लावलंय, अन् आता बगा."

दार उघडलं. आत अंधार होता आणि एक वेगळा वास होता. हौशीरामनं मेनस्विच वर केला. दूर खिडकीपाशी एकच ट्यूब लुकलुकली. दोन उंच कपाटांच्या पलीकडे एक्केचाळीस नंबरचं टेबल होतं, आणि त्या टेबलावर डोकं ठेवून एक माणूस बसला होता. दुपारी जरा डोळा लागावा तसा. चष्मा घडी करून शेजारी ठेवलेला.

"अहो," अमृतानं हाक मारली. मग पुन्हा, जरा हळू, "अहो..."

हौशीराम चार पावलं पुढे गेला आणि थांबला.

"ओव्हाळसाहेब हायेत," तो म्हणाला. "मॅडम, तुमी म्होरं येऊ नका."

शाखाप्रमुख अतुल सातपुते पुढच्या हॉलमधून धावत आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, तोंडावर रुमाल धरला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं :

"शक्यच नाही. प्रदीप शुक्रवारी ऑफिसला आला होता. सकाळी नऊ चाळीसला बारा नंबरच्या खुर्चीवर हजर, संध्याकाळी सहाला बाहेर. सिस्टीममध्ये आहे."

आणि मागचा हॉल गुरुवारी संध्याकाळपासून बंद होता. किल्ली एकच होती. ती हौशीरामच्या कमरेला होती.

२

विम्याचे दावे तपासणाऱ्या एका कंपनीची ही लोणावळ्याची शाखा. अठ्ठेचाळीस माणसं. पूर्वी प्रत्येकाला स्वतःची खुर्ची असे, तिच्या पाठीवर स्वतःचा टॉवेल असे. साथीनंतर घरून काम सुरू झालं आणि पुढं तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर अशी पद्धत ठरली. खुर्च्या सगळ्यांच्या झाल्या. सकाळी मोबाइलवर खुर्ची राखायची, टेबलावरचा क्यूआर स्कॅन करायचा, की जिन्याजवळच्या स्क्रीनवर आकडा वाढतो. पुढच्या हॉलमध्ये हजर इतके, मागच्या हॉलमध्ये हजर इतके.

हे आकडे पुण्याला अमृताच्या टेबलावर जात. कुठल्या शाखेला किती जागा लागते ते ती ठरवत असे. लोणावळ्याचा मागचा हॉल रिकामाच दिसतो, म्हणून तो शुक्रवारपासून बंद करायचा, हेही तिनंच ठरवलं होतं. आणि पुढच्या हॉलमध्ये रोज पंचवीसच्या वर माणसं दिसली नाहीत, तर सगळी शाखाच बंद करून नवी मुंबईला हलवायची, असा वरून आलेला हुकूम होता.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. अंगावर खूण नाही, झटापट नाही. वेळ गुरुवारी संध्याकाळी पाच ते नऊच्या मधली.

"वेळेवर कुणी पाहिलं असतं तर?" अमृतानं विचारलं.

"तर दवाखाना इथून दहा मिनिटांवर आहे," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

म्हणजे खून नव्हता. पण फौजदार काही उठायला तयार नव्हते. त्यांनी गेटवरचं रजिस्टर मागवलं, गुरुवारचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं :

"सायंकाळी सहा. मागच्या हॉलची फेरी मारली. कोणी नाही. कुलूप लावले. सही, हौशीराम केदारी." त्यांनी वर पाहिलं. "सही तुझी?"

"व्हय साहेब."

"फेरी मारली असतीस तर माणूस दिसला असता. म्हणजे एक तर फेरी न मारताच लिहिलंस, नाहीतर माणूस दिसला आणि तरी कुलूप घातलंस. कुठलं ते तूच सांग. दोन्हींत आत जाशील."

हौशीरामचे डोळे एकदाच अतुल सातपुतेंकडे गेले आणि परत जमिनीला लागले. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीनं फोनवरच सांगून टाकलं, तो माणूस आजपासून आमचा नाही. सत्तावन्न वर्षांचा गडी, डोक्यावरची टोपी हातात धरून पोलिसांच्या गाडीत बसला.

"आणि शुक्रवारच्या हजेरीचं काय?" अमृतानं विचारलं.

फौजदार कडवट हसले. "मेलेला माणूस तुमच्याकडं ड्यूटी करून गेला म्हणायचं. ते तुमचं तुम्ही बघा, मॅडम. उद्या तीनपर्यंत कंपनीचा लेखी रिपोर्ट द्या. नाहीतर निष्काळजीपणानं माणूस मारल्याचा गुन्हा केदारीवर लावतो आणि मोकळा होतो."

पुण्याहून फोन आला. तू तिथं आहेसच, तर रिपोर्ट तूच लिही. थोडक्यात लिही. वॉचमनची चूक, कंपनीला खेद.

अमृतानं रात्रीपुरती स्टेशनजवळ खोली घेतली. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत. उत्तर चुकलं की ते उत्तर खोडत नसत. मुलाला शेजारी बसवून पहिल्या पायरीपासून पुन्हा चालायला लावत. "चूक शेवटी कधीच नसते ग," म्हणायचे. अमृतानं कोरा कागद घेतला आणि पहिली पायरी लिहिली : शुक्रवारी प्रदीप ओव्हाळच्या नावानं हजेरी कुणी लावली?

३

मंगळवारी सकाळी ती सगळ्यांत आधी शालूबाईंकडे गेली. शालूबाई ऑफिसात झाडलोट करत आणि दोन वेळचा चहा देत. त्या मोरीशी कप विसळत होत्या.

"बसा मावशी, दोन मिनिटं बोलायचंय."

"बसले तर भांडी कोन घासंल? तुमी इचारा, माजे कान मोकळे हायेत."

"गुरुवारी मागच्या हॉलमध्ये गेला होता?"

"न्हाई. तितं जाऊ नगंस म्हनून आटवडाभर आदीच सांगितलं व्हतं साहेबांनी. हॉल बंद व्हनार, कशाला झाडायचा."

"ओव्हाळसाहेब दिसले होते?"

शालूबाईंचा हात थांबला. "दिसलं असतं तर चहा दिला नसता व्हय? त्यो मानूस कप सोता धुऊन ठेवायचा. ह्या सगळ्यांत त्यो येकटाच."

अमृताला एक साधी गोष्ट सुचली. मोजणी हेच तिचं काम होतं. पण ती आजवर स्क्रीनवरून मोजत आली होती.

"मावशी, गुरुवारी दुपारी चहा किती कप केला?"

"अकरा."

"नक्की?"

"अवो, सत्तावीस वर्सं चहा करतीया. येक कप जास्त झाला तर वतून द्यावा लागतो, कमी झाला तर बोलनी खावी लागत्यात. अकरा म्हंजे अकरा. गुरवारी अकरा, शुक्रवारी नऊ."

अमृतानं मोबाइलवर गुरुवारचा आकडा काढला. पुढच्या हॉलमध्ये हजर : सव्वीस.

"बाकीच्या पंधरा जणांनी चहा घेतला नाही?"

शालूबाईंनी कप पालथा घातला आणि पदराला हात पुसले.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "जे आलंच न्हाईत, ते चहा कशाला घेतील?"

४

प्रतीक्षा काशिद इंदुरीहून रोज दोन गाड्या बदलून येत असे. प्रदीप ओव्हाळच्याच गटात ती सात वर्षं काम करत होती. अमृतानं तिला पुढच्या हॉलमधल्या काचेच्या खोलीत बोलावलं आणि समोर दोनच आकडे लिहिले. सव्वीस. अकरा.

प्रतीक्षानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"सातपुते सरांनी सांगितलं होतं, तुम्ही फक्त हॉल मोजायला येणार म्हणून."

"मी हॉलच मोजतेय. शुक्रवारी प्रदीपना हजर कुणी केलं?"

प्रतीक्षानं त्या आकड्यांवर हात ठेवला.

"मी," प्रतीक्षा म्हणाली. "गुरुवारी पण मीच. माझी पाळी होती."

"कसली पाळी?"

"पंचवीसचा आकडा आला ना तुमच्याकडून, त्याच आठवड्यात सगळ्यांनी ठरवलं. घरून काम करायच्या दिवशी आपलं नाव आणि पिन पाळीवाल्याकडे द्यायचं. जो ऑफिसात असेल त्यानं एकेक टेबल फिरून सगळ्यांच्या नावानं स्कॅन करायचं. संध्याकाळी बाहेर काढायचं. कुणाचा फायदा नव्हता हो त्यात. शाखा हलली तर मी इंदुरीहून नवी मुंबईला कशी जाणार? सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. प्रत्येकाचं असंच काहीतरी आहे."

"सातपुतेंना माहीत होतं?"

"ते म्हणायचे, मला काही सांगू नका. म्हणजे माहीत होतं."

"आणि प्रदीपना?"

"पाळीची यादी तोच करायचा. त्याचं अक्षर चांगलं." हे बोलताना तिचा बांध फुटला. "शुक्रवारी तो दिवसभर ऑनलाइन दिसला नाही, मॅडम. मी म्हटलं, कामशेतला पावसात रेंज जाते त्याची. उलट मीच मनात म्हटलं, बघा, आम्ही इकडे याची हजेरी लावतोय आणि हा झोपलाय घरी! असं म्हटलं मी."

अमृतानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. शुक्रवारचं भूत उतरलं होतं. पण त्याच्या जागी दुसरा प्रश्न उभा राहिला.

"गुरुवार हा त्यांचा घरचा दिवस?"

"गुरुवार आणि शुक्रवार. सोमवार ते बुधवार ऑफिस. वर्षभर कधी बदललं नाही त्यानं."

"मग गुरुवारी ते इथं आले कशाला?"

प्रतीक्षानं मान हलवली. "तेच तर कळत नाहीये कुणाला."

५

बाराच्या सुमारास बेडशाहून प्रदीपची आई आली. बरोबर भावकीतले दोघं होते. येसूबाई ओव्हाळ, पंचाहत्तरीच्या, काठी टेकत जिना चढून आल्या. त्यांना एवढंच हवं होतं, लेक कुठं बसला होता ते बघायचं.

अमृता त्यांना मागच्या हॉलमध्ये घेऊन गेली. पोलिसांनी टेबलाचे फोटो घेतले होते. वस्तू अजून तिथंच होत्या. येसूबाईंनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, आणि मग खिडकीतून दिसणाऱ्या पांढऱ्या धुक्याकडे पाहत राहिल्या.

"अकरा वर्सं हितंच बसायचा," त्या म्हणाल्या. "सांगायचा, आये, माज्या खिडकीतनं डोंगर दिसतो."

"तो शनिवारी घरी यायचा ना, आजी?"

"दर शनवारी. हिकडं कामशेतात खोली घेतलीया, टेशन जवळ पडतं म्हनून. ह्या शनवारी आला न्हाई. म्या म्हनलं, पाऊस हाय, आला नसंल. भाकरी झाकून ठिवली." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी वाहू दिलं. "आयतवारी बी म्हनलं, पाऊस हाय."

अमृता टेबलाकडे बघत होती. एक जुनं एक्स्टेन्शन बोर्ड. त्यात लॅपटॉपची वायर. फोनची वायर. आणि तिसरी वायर एका हिरव्या दिव्याची. लाइट गेल्यावर घरात लावतात तसला चार्जिंगचा दिवा, कडी तुटलेली, तारेनं बांधलेली. पोलिसांच्या यादीत तो ऑफिसचा म्हणून नोंदला होता.

"आजी, हा दिवा ओळखता?"

"वळखू नको व्हय? त्येच्या खोलीतला हाय. कडीला तार म्याच बांदली." येसूबाई थांबल्या. "ह्यो हितं कशाला आनला त्यानं?"

भावकीतला एक जण मागून म्हणाला, "गुरवार व्हता न्हवं, काकी. गुरवारी कामशेतात दिसभर लाइट नसती. लायनीचं काम काडत्यात."

ऑफिसातल्या अठ्ठेचाळीस जणांपैकी कुणाच्याही ध्यानात ही गोष्ट आली नव्हती. घरून काम करायचे दिवस वाटताना त्यांनी कुणाची सासू आजारी, कुणाचं मूल लहान, सगळं पाहिलं होतं. गुरुवारी लाइट कुणाकडे नसते, ते तेवढं पाहिलं नव्हतं. आणि प्रदीपही कधी बोलला नव्हता. बॅटरीवर निभावत होता. त्या गुरुवारी निभावलं नाही, म्हणून तीन रिकाम्या बॅटऱ्या घेऊन तो ऑफिसला आला होता.

पण आलेल्या माणसानं आपली खुर्ची स्कॅन का केली नाही? केली असती, तर स्क्रीनवर मागच्या हॉलमध्ये एक हजर दिसला असता. आणि कुलूप लागलं नसतं.

६

सिस्टीममध्ये दोन याद्या असतात. लागलेल्या हजेऱ्यांची, आणि न लागलेल्यांची. दुसरी यादी कुणी बघत नाही. अमृतानंही कधी बघितली नव्हती. तिनं लॅपटॉप उघडला आणि ती यादी गुरुवारपर्यंत मागे नेली.

दुपारी एक बावीस. प्रदीप ओव्हाळ. खुर्ची एक्केचाळीस. नाकारले. कारण : आपण खुर्ची बारावर हजर आहात.

त्यानं एकदाच प्रयत्न केला होता. बारा नंबरवरून नाव काढून घेतलं असतं, तर एक्केचाळीसवर लागलं असतं. पण मग पुढच्या हॉलचा आकडा एकानं खाली आला असता. सव्वीसचे पंचवीस, आणि पंचवीस पुरत नव्हते. यादी करणारा तोच. त्यानं ते केलं नाही. फोन खाली ठेवला आणि कामाला लागला. त्याच्या जुन्या खिडकीशी बसायचा तो शेवटचा दिवस होता.

एक ते दीड हौशीराम गेटमागच्या खोलीत डबा खातो. पूर्वी दोन वॉचमन असत, एक जेवायचा तेव्हा दुसरा गेटवर असायचा. जुलैपासून एकच होता. प्रदीप आला ते कुणी पाहिलं नाही.

आता राहिलं रजिस्टर. फौजदारांनी त्या पानाचा फोटो तेवढा नेला होता. अमृतानं ते मांडीवर घेतलं आणि मागची पानं उलटायला सुरुवात केली. जूनमध्ये रोज संध्याकाळी एक ओळ होती : दोन्ही हॉलची फेरी मारली, कोणी नाही. जुलैच्या आठ तारखेपर्यंत. मग त्या ओळी थांबल्या. पाच आठवडे फक्त "कुलूप लावले", "कुलूप लावले". फेरी कुठंच नाही.

आणि नेमक्या त्या गुरुवारी पुन्हा फेरी. तीही दोन नोंदींच्या मधल्या जागेत दाबून बसवलेली, कुरिअरच्या खाली आणि "कुलूप लावले"च्या वर.

जो माणूस पाच आठवडे फेरी मारत नाही, तो एकाच दिवशी का मारील? मारलीच नव्हती. ती ओळ नंतर लिहिली होती. कुणीतरी लिहायला लावली होती.

पण फेऱ्या आठ जुलैलाच का थांबल्या? गेटमागच्या खोलीत एजन्सीच्या कपाटात परिपत्रकांची फाइल होती. अमृतानं ती उघडायच्या आधीच तिला उत्तर ठाऊक होतं. तरी तिनं उघडली. चूक पहिल्या पायरीवर असते आणि तिथवर चालत जावंच लागतं.

"वॉचमनची संख्या एक करण्यात येत आहे. सायंकाळी हॉल बंद करताना स्क्रीनवर हजर शून्य असल्याची खात्री करावी. प्रत्यक्ष फेरीची आवश्यकता नाही."

खाली सही होती. अमृता रोकडे.

७

अतुल सातपुते आणि प्रतीक्षा काचेच्या खोलीत बसले. अमृतानं पांढऱ्या फळ्यावर एकाखाली एक पाच ओळी लिहिल्या. बोलताना तिचा आवाज वर गेला नाही.

"जुलैत मी एक वॉचमन कमी केला आणि फेरी बंद केली. स्क्रीनवर विश्वास ठेवा, असं लेखी दिलं. ही पहिली पायरी. मी पंचवीसचा आकडा कळवला आणि त्या आकड्यासाठी तुम्ही पाळी लावून खोट्या हजेऱ्या भरल्या. दुसरी. गुरुवारी प्रतीक्षानं प्रदीपना बारा नंबरवर बसवलं. तिसरी. त्याच दिवशी कामशेतला लाइट नव्हती, म्हणून ते खरेच आले, आणि सिस्टीमनं त्यांना घेतलं नाही, कारण त्यांचं खोटं नाव आधीच आत होतं. चौथी. संध्याकाळी स्क्रीन म्हणाला मागे शून्य, आणि हौशीरामनं कुलूप लावलं. पाचवी."

"मग चूक कुणाचीच नाही," सातपुते घाईनं म्हणाले. "दुर्दैव आहे. तसंच लिहा ना."

"अजून एक ओळ राहिलीय." तिनं रजिस्टर पुढे ठेवलं. "फेरीची ही नोंद काल सकाळी झाली. पोलीस यायच्या आधी. तुम्ही सांगितलीत?"

"मी? वॉचमनच्या रजिस्टरशी माझा काय संबंध?"

"सर," प्रतीक्षा म्हणाली, "मी जिन्यात होते. तुम्ही हौशीभाऊंना म्हणालात, फेरी मारली असं लिही, म्हणजे तुझ्यावर येणार नाही."

सातपुतेंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकली. मग त्यांनी टाय सैल केला.

"ठीक आहे. सांगितलं. फेरी बंद होती हे निघालं असतं तर स्क्रीन निघाला असता, स्क्रीन निघाला असता तर पाळी निघाली असती. मी अठ्ठेचाळीस घरांचा विचार केला. तुम्ही एकाचा करताय. हे असंच लिहिलंत, तर महिन्याभरात इथं कुलूप लागेल. प्रतीक्षा घरी बसेल. आणि तुमची ती सही? तुमची नोकरी राहील असं वाटतं तुम्हाला?"

"नाही वाटत."

"मग एका वॉचमनसाठी?"

अमृता प्रतीक्षाकडे वळली. ह्या खोलीत तिला फक्त तिच्याकडूनच उत्तर हवं होतं.

"तू सांग. लिहू?"

प्रतीक्षानं फळ्यावरच्या पाचही ओळी वरून खाली वाचल्या.

"लिहा," ती शेवटी म्हणाली. "नाहीतर मला रोज बारा नंबरवरून जावं लागेल."

८

पोलीस ठाण्यात फौजदारांनी चार पानांचा रिपोर्ट दोनदा वाचला. न लागलेल्या हजेरीचा कागद त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला. मग ते झेरॉक्स काढायला शिपाई शोधत बाहेर गेले.

हौशीराम भिंतीशी बाकावर बसला होता. अमृता त्याच्यासमोर उभी राहिली.

"हौशीभाऊ, सुटलात तुम्ही. ती ओळ तुमची नव्हती, सातपुतेंची होती, हे मी लिहिलंय. फेरी मारायची नाही हा हुकूम माझा होता, तेही लिहिलंय."

हौशीरामनं टोपी हातात फिरवली.

"तुमी हुकूम दिला व्हता, खरं हाय," तो म्हणाला. "पर मॅडम, ट्यूब चालू व्हती."

"कुठली ट्यूब?"

"खिडकीपाशी. येकच. दार वडून घेताना दिसली मला. कपाटाच्या पल्याड उजेड व्हता. म्या खाली स्क्रीन बगून आलोतो, तितं शून्य व्हतं. म्हनलं, कुनी तरी इसरून चालू ठिवली असंल. म्या मेनस्विच पाडला अन् कुलूप लावलं." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "येक हाक मारायची व्हती. 'हाय का कोन' म्हनायचं, बस. जनमभर दार लावताना म्हनत आलोय. मोकळ्या गोठ्याला बी म्हनतो."

"म्हणू नका असं मीच लिहिलं होतं."

"तुमी लिवलं व्हतं. पर तोंड माजं व्हतं न्हवं?"

बाहेर झेरॉक्स मशीनची घरघर थांबली. अमृताच्या लक्षात आलं, ही गोष्ट फक्त तिनं ऐकली होती. गिळून टाकली असती तर कुणालाच कळली नसती.

हौशीरामला तिच्या मनातलं कळलं असावं. "लिवा," तो म्हणाला. "त्येच्या आईला उद्या कुनी तरी इचारंल, तवा खरं कळाया पायजे."

तिनं शेवटचं पान मागितलं आणि फौजदारांच्या टेबलाशी उभ्या उभ्या लिहिलं : कुलूप लावताना केदारी यांना हॉलमध्ये एक ट्यूब चालू दिसली होती. त्यांनी आत जाऊन पाहिले नाही, कारण डोळ्यांपेक्षा स्क्रीनवर विश्वास ठेवावा, असा लेखी आदेश मी दिला होता. त्याखाली तिनं सही केली आणि तारीख घातली.

फौजदारांनी ते वाचलं. त्यांनी हौशीरामकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण लावलं.

"केदारी, तुम्ही घरी जा," ते म्हणाले. "मॅडम, तुमचा जबाब घ्यायचाय. तुम्ही बसा."

हौशीराम उठला. त्यानं बाकावरची जागा हातानं पुसली, आणि अमृता तिथं बसली.